मणका बसवायचा की नस सोडवायची?

कंबरेच्या दुखण्यावर आपल्याकडे सगळेच बोलतात, पण ऑपरेशनचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात आणि मग कुणी कुणाचं ऐकत नाही. पाठीला सुरी लागली की माणूस अंथरूण धरतो, असं एक बाजू म्हणते. आता लोक दुसऱ्या दिवशी चालतात, असं दुसरी म्हणते. निरवांगीत मी ऐकलेल्या वादात मात्र बाजू उलट्या होत्या. ऑपरेशन करून टाका म्हणणारा माणूस शेतकरी होता आणि जरा थांबा म्हणणारी त्याची भाची फिजिओथेरपिस्ट होती.

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातलं नीरेच्या काठचं गाव. नदीच्या पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. ऊस, थोडं डाळिंब, दारात दोन गाई. मामा वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्तीनंतर पूर्णवेळ शेतीत आले. भाची बारामतीत काम करते. वाद मामींच्या पाठीवरून चालला होता. मामींचं वय ५८. एमआरआयमध्ये कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकलेला दिसला होता, आणि त्याच जागी नसांची वाट अरुंद झाली होती. पुण्यातल्या सर्जननी सांगितलं होतं की वाट मोकळी करू, चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवू, मधली गादी काढून तिथं पिंजरा ठेवू. नावं लिहीत नाही, नात्यांनीच ओळखू.

मामा : माझं आयुष्य कपलिंग जुळवण्यात गेलं. मोटरचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत नसले तर कितीही ग्रीस घाल, बेअरिंग खाणारच. हिचा मणका सरकलाय, फोटोत मलासुद्धा दिसतोय. तो जाग्यावर आणायचा, बोल्ट आवळायचे, काम संपलं. तुझा व्यायाम म्हणजे ग्रीस आहे, पोरी.

भाची : डॉक्टर मणका मागं ओढून जाग्यावर आणतो म्हणाले का, मामा?

मामा : स्क्रू टाकतो म्हणाले. मग स्क्रू कशाला असतात?

भाची : आहे तिथं धरून ठेवायला. गादीच्या जागी पिंजरा बसवताना मणका थोडा मागं येतो, पण तेवढ्यासाठी ऑपरेशन करत नाहीत. मामीचा मणका पाव भागाहून कमी सरकलाय. त्याला पहिली पायरी म्हणतात, ग्रेड वन. निम्म्याहून जास्त घसरलेला मणका जोर लावून मागं खेचला तर त्या जागची नस ताणते आणि पाऊल लुळं पडायची भीती असते. म्हणून तिथंसुद्धा सर्जन जपून हात घालतात. तुम्ही रेषेकडं बघताय, मी नसेकडं बघतेय.

इथं थोडं थांबायला हवं, कारण ‘गादी सरकली’ आणि ‘मणका सरकला’ ही दोन दुखणी आपण सर्रास एकच धरतो. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. ती फुगून किंवा फाटून बाहेर आली तर पुष्कळदा आपोआप आक्रसते. मणका सरकणं म्हणजे हाडच खालच्या हाडावरून पुढं येणं, डॉक्टरी भाषेत स्पॉन्डिलोलिस्थेसिस. बेल्जियममधल्या हर्बिनो नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं १७८२ मध्ये याची पहिली नोंद केली. बाळंतपण अडत होतं, आणि वाटेत कंबरेचं हाड पुढं आलेलं त्याला सापडलं. म्हणजे हा आजार वैद्यकाच्या नजरेत आला तोच एका बाईच्या अडलेल्या बाळंतपणातून. पुढं १८५४ मध्ये किलियननं त्याला नाव दिलं आणि १९३२ मध्ये मायरडिंगनं सरकण्याचे पाव-पाव भाग पाडून चार पायऱ्या ठरवल्या. त्याच पायऱ्या आजही रिपोर्टवर छापून येतात.

मामींच्या वयातला प्रकार झिजेचा असतो. मागचे सांधे झिजतात, गादी बसते, आणि मणका मागच्या कमानीसकट पुढं येतो. कमान बरोबर आली की आतल्या नसा चिमटीत सापडतात. हा प्रकार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो आणि बहुतेकदा चौथ्या-पाचव्या मणक्यातच. दुसरा प्रकार पोरवयातला. कमानीच्या बारीक हाडाला ताणानं चीर पडते. वेगवान गोलंदाजांच्या पाठीत ती नेहमी सापडते. तिथं कमान मागंच राहते, म्हणून सुरुवातीला नसांची वाट तेवढी दाबली जात नाही.

मामा : मग मला एक सांग. ही दोन-दोन तास बसून खुरपते, तेव्हा पाठ हूं की चूं करत नाही. आणि कॅनॉलपासून घरापर्यंत चालायचं म्हटलं की वाटेत तीनदा दगडावर टेकते. शेजारीपाजारी म्हणतात, बाई सोंग करते. मला राग येतो त्यांचा, पण उत्तर देता येत नाही.

भाची : सोंग नाही, मामा. याच दुखण्याची खूण आहे ती. उकिडवं बसलं, पुढं वाकलं की मणक्यातली वाट उघडते. सरळ उभं राहिलं, चाललं की ती बंद होते, नसांचा रक्तपुरवठा अडतो, पोटऱ्या भरून येतात. बसलं की दोन मिनिटांत मोकळं. बारामतीत माझ्याकडं अशी माणसं येतात. सायकल मारत येतात, पण पायी येववत नाही. काही जण सायकलवर बसतही नाहीत, हँडलवर रेलून ती नुसती ढकलत चालतात, कारण तसं वाकलं की बरं वाटतं.

मामांना हे उत्तर पटलं आणि हवंही होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घरातल्या बाईचं दुखणं खरं आहे हे सिद्ध करायला पुरुषालाही पुरावा लागतो, अशी आपली स्थिती आहे. पण त्यांनी तो पुरावा लगेच आपल्या बाजूनं वळवून घेतला.

मामा : म्हणजे वाट बंद आहे हे तूच म्हणतेस. मग उघडायची का नाही?

भाची : उघडायची, पण कधी, ते फोटोवरून ठरवायचं नाही. अमेरिकेत १९५५ पासून ५०० शाळकरी पोरं तपासून ठेवली होती. त्यातल्या ज्यांच्या मणक्यात चीर सापडली त्यांच्यावर ४५ वर्षं लक्ष ठेवलं. वय वाढलं तसं सरकणं मंदावत गेलं, आणि कंबरदुखीच्या बाबतीत ती माणसं चारचौघांसारखीच निघाली. या शिवारातल्या सगळ्यांचे फोटो काढले तर किती मणके सरकलेले सापडतील, आणि त्यातल्या कितीजणांना पत्ताही नसेल.

मामा : ती चीर पडलेली पोरं होती. हिची झीज आहे, आताच तू दोन्ही वेगळं सांगितलंस.

मामांनी तिला बरोबर पकडलं होतं. भाची हसली नाही, उलट मान्य करून पुढं गेली.

भाची : खरंय. झिजेचा वेगळा अभ्यास आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या तेरा केंद्रांचा निष्कर्ष आला. सहाशेच्या वर रोगी, झिजेनं सरकलेला मणका आणि नसांची अरुंद वाट असलेले. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांना न केलेल्यांपेक्षा चांगला आराम पडला, आणि चार वर्षांनीही तो फरक टिकला होता. पण त्यात घोळ होता. चिठ्ठी टाकून ज्यांना ऑपरेशनचा गट मिळाला त्यातल्या पुष्कळांनी केलंच नाही, आणि बिनऑपरेशनच्या गटातल्या पुष्कळांनी करून घेतलं. म्हणजे ज्यांना सोसवलं नाही ते आपापल्या पायांनी टेबलाकडं गेले.

मामा : आणि त्यांना बरं वाटलं. मग मी चार तास काय वेगळं सांगतोय?

भाची : ऑपरेशन नकोच असं मी कधीच म्हटलं नाही. सहा आठवडे, फार तर तीन महिने नीट व्यायाम, पोटाच्या स्नायूंची ताकद, वजन, गरज पडली तर मणक्यात एक इंजेक्शन, आणि मग बघू, एवढंच म्हणते.

मामा : नीट व्यायाम! पहाटे गोठा, मग चूल, मग रान, संध्याकाळी पुन्हा धार. तुझा कागद भिंतीला चिकटवलाय, बघ जा. त्यावरची बाई चटईवर पाय वर करून पडलीय. हिला दिवसा पडायला वेळ कोण देतो? तीन महिने थांब म्हणजे तीन महिने असंच राब, असाच त्याचा अर्थ होतो इथं. दर वर्षी बेलवाडीचं रिंगण बघून ही पालखीमागं अंथुर्ण्यापर्यंत चालत जायची. यंदा जीपमधनं रिंगण बघितलं आणि रडली. ते तुझ्या अभ्यासात कुठं मोजलंय?

माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात वजनदार बोलणं हेच होतं. थांबणं हाही उपचार आहे हे खरं, पण ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी. कष्टाच्या घरात ‘आधी व्यायाम करून बघा’ हा सल्ला घरातली कामं कुणी वाटून घेतल्याशिवाय अर्धाच राहतो. भाचीनं कागद दिला होता, पण धार कोण काढणार हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि मामांनीही ते काम अजून स्वतःकडं घेतलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

भाची : मग स्क्रूंचं बोलू. वाट उघडायला मागची कमान आणि जाड झालेला पडदा काढावा लागतो, ते एक काम. स्क्रू, सळ्या, पिंजरा घालून दोन मणके जोडायचे, हे दुसरं. खर्च, रक्त जाणं, दवाखान्यातले दिवस, सगळं दुसऱ्यानं वाढतं. ते दर वेळी लागतं का, यावर सर्जन लोकांतच भांडण आहे. १४ एप्रिल २०१६ ला एकाच नामांकित अमेरिकन नियतकालिकात दोन अभ्यास छापून आले. स्वीडनचा म्हणाला, २४७ रोगी बघितले, जोडण्यानं जास्तीचा फायदा नाही. अमेरिकेचा म्हणाला, ६६ बघितले, जोडलेले थोडे जास्त बरे. पुढं २०२१ मध्ये नॉर्वेचा आला, २६७ जणांचा, सगळे सरकलेल्या मणक्याचे. दोन वर्षांनी चांगला फरक पडलेले, नुसती वाट उघडलेल्यांत शंभरात ७१ आणि जोडलेल्यांत ७३.

मामा : नुसतं उघडून ठेवलं आणि पुढं आणखी सरकला तर?

भाची : ती भीती खोटी नाही. त्या अमेरिकन अभ्यासात न जोडलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना पुन्हा टेबलावर जावं लागलं, जोडलेल्यांत १४. नॉर्वेत हाच फरक फार कमी होता, साडेबारा आणि नऊ.

मामा : म्हणजे बोल्ट आवळलेले बरे.

भाची : मणका हलत असेल तर. पुढं वाकून आणि मागं झुकून, उभ्यानं दोन एक्स-रे काढायचे. दोन्हीत तो जागा बदलत असेल तर स्क्रू हवेत. घट्ट बसला असेल तर डॉक्टरांना विचारायचं, स्क्रूशिवाय होईल का. एमआरआय झोपवून काढतात, त्यात सरकणं कमीच दिसतं.

मामांनी मग डॉ. प्रेमानंद रमाणींचं नाव काढलं. ‘ताठ कणा’ हा त्यांच्यावरचा चित्रपट २०२५ मध्ये आला, तेव्हापासून कंबरेच्या गप्पांत हे नाव येतंच. गोव्यात जन्मलेले रमाणी इंग्लंडात न्यूकॅसलला शिकून परतले, मुंबईच्या सायन रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि पाठीमागून शिरून गादी काढायची व तिथं हाड बसवून दोन मणके एकजीव करायचे, ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ही पद्धत मूळची हवाईतल्या क्लोवर्ड या सर्जनची. मामांचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या माणसानं मणके जोडण्यात आयुष्य घातलं ते उगीच का? यावर भाचीनं जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. स्क्रू काय किंवा पिंजरा काय, ते शेवटी कामचलाऊ असतात. सहा महिने ते वर्षभरात दोन मणक्यांमध्ये रोग्याचं स्वतःचं हाड वाढून ते एक व्हावे लागतात. हाड धरलं नाही तर उत्तमातला उत्तम स्क्रूही एक दिवस ढिला होतो.

भाची : आणि हाड धरायला आडवी येते ती तंबाखू. मामी दिवसातनं किती वेळा मिसरी लावते?

मामा : ते काय, सगळ्याच बायका लावतात.

भाची : म्हणूनच विचारते. निकोटिननं हाड जुळत नाही, आणि हे बिडी ओढणाऱ्या पुरुषाला डॉक्टर सांगतात, मिसरीवाल्या बाईला कुणी विचारतच नाही. शिवाय पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचं हाड ठिसूळ आहे का, हे स्क्रू घालायच्या आधी मोजायला हवं. साखरही तपासायची.

मामा : तुझा खरा राग डॉक्टरांवर आहे.

भाची : राग नाही, धास्ती आहे. आपल्या उसात तोडीला येणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. सरकारला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बायांना पिशवी काढून परत पाठवलं. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या त्या बायांच्या कंबरा मात्र कुणी तपासल्या नाहीत. मला भीती वाटते ती घाईची.

मामा : आणि मला भीती वाटते ती कुणीच काही न करण्याची. आपल्याकडं बाईच्या पाठीवर कोण खर्च करतं? गोळी देतात, पट्टा देतात, दर पंधरा दिवसाला सुई. माझ्या आईची पाठ अशीच गेली. शेवटी ती काटकोनात वाकून चालायची आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.

यावर भाची काही बोलली नाही. एवढा वेळ मामी आतल्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता त्या आपणहून बोलल्या.

मामी : दुखायचं मला काही नाही गं, दुखणं अंगवळणी पडलंय. पण डाव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळत नाही. परवा गोठ्यातनं अनवाणीच आले, पाय बघितला तेव्हा कळलं.

भाचीनं हातातला फोन खाली ठेवला.

भाची : कधीपासून?

मामी : दिवाळीनंतर असेल. आधी अधनंमधनं, आता रोजच.

भाचीनं त्यांना उभं केलं आणि टाचांवर चालायला सांगितलं. उजवा चवडा उचलला गेला, डावा खालीच राहिला. मग खाटेवर बसवून अंगठा वर धरायला लावला आणि बोटानं दाबला. उजवा अंगठा हटला नाही, डावा लगेच पडला. चौथा मणका पाचव्यावर सरकला की त्या जागी पाचवी नस दबते, आणि अंगठा व चवडा उचलायचं काम तीच नस करते. वेदनेला थांबवून धरता येतं, व्यायाम देऊन बघता येतो. पण ताकद जायला लागली की दिवस मोजावे लागतात, कारण फार काळ दबलेली नस नंतर मोकळी केली तरी पूर्ण परत येईलच असं नाही.

भाची : मामा, मी आता तीन महिने म्हणत नाही. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर.

मामांना जिंकल्याचा आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ते खाटेच्या कडेवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी घाबरल्या आवाजात विचारलं, पाय परत येईल ना?

भाची : यायची शक्यता चांगली आहे, वचन देत नाही. पण आता नीट ऐका. लघवी अडली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर सकाळ होऊ द्यायची नाही, त्याच रात्री गाडी काढून बारामतीला आणायचं. झटका देऊन मणका बसवणाऱ्याकडं कुणी नेलं तर माझ्याशी गाठ आहे. मिसरी आजपासून बंद.

मामी : आणि उसाला तोड लागायचीय पुढच्या महिन्यात.

मामा : तोड टोळी करेल, तू काय करणार त्यात?

मामी : टोळीला चहापाणी, हिशेब, गाई. तुम्हाला धार येते का काढायला?

मामा : शिकीन.

पैशाचंही बोलणं झालं, पण थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र हे ऑपरेशन योजनेच्या यादीत बसतं का आणि ते दवाखाना योजनेत आहे का, हे भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारून घ्यायचं ठरलं. मग भाचीनं वहीच्या पानावर सर्जनना विचारायचं लिहून काढलं. चवडा पडलाय हे आधी सांगायचं, कारण मागच्या भेटीत ते सांगितलंच गेलं नव्हतं. हाडाची घनता मोजायची का? वाट उघडण्याबरोबर मणके जोडणं लागणारच का? लागलं तर कशामुळं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाकून आणि मागं झुकून काढायच्या त्या दोन एक्स-रेंवर अवलंबून होतं. मामांनी पिशवीतले सगळे रिपोर्ट खाटेवर पसरले आणि एकेक फिल्म उजेडाकडं धरून बघितली. ते दोन एक्स-रे अजून कुणी काढलेलेच नव्हते.